पेल्याचा मान

"हे काय आहे, शेलार मॅडम?" कुलथे साहेबांनी काचेची चपटी बशी उचलून नाकाजवळ नेली.

"वास घेऊ नका सर."

त्यांनी बशी झटकन नाकापासून दूर केली आणि कानाशी नेली. कशासाठी, ते मला आज अठरा वर्षांनंतरही कळलेलं नाही. नाक नाही तर दुसरं काहीतरी, एवढाच विचार असावा.

शुक्रवारची सकाळ होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि वाकेगाव नगरपरिषदेच्या सांडपाणी प्रकल्पात प्रयोगशाळा सहायक होते, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. गावातल्या मोऱ्या, संडास, खानावळी, दवाखाने, सगळ्यांचं पाणी आमच्याकडे येई. मोठ्या टाक्यांत त्यात हवा सोडायची, गाळ खाली बसू द्यायचा, शेवटी क्लोरीन मारून पाणी बाहेर काढायचं, असं काम. गावात प्रकल्पाला सरळ गू-कारखाना म्हणत. माझ्यासाठी स्थळ बघायला गेलेल्या आत्याने मात्र "मुलगी पाणीपुरवठ्यात आहे" असं सांगितलं होतं.

कुलथे साहेब प्रकल्पाचे अभियंता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि त्या दोन वर्षांत आपल्या टेबलावर कोणतीही नवीन गोष्ट येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. मी त्यांच्या टेबलावर ती बशी ठेवली होती.

"सर, या आठ टिकल्या दिसतात? कागदाच्या आहेत. प्रत्येकीत वेगळं अँटिबायोटिक भरलंय. खालच्या जेलीवर जंतू पेरलेत. औषध चाललं तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि मोकळं गोल कडं पडतं."

साहेबांनी चष्मा वर केला. "कडं कुठाय?"

"तेच तर. नाहीये. एकीभोवतीही नाही."

"म्हणजे टिकल्या जुन्या असतील."

"त्याच डबीतल्या टिकल्या मी दुसऱ्या जंतूंवर ठेवून पाहिल्या. तिथे रुपयाएवढी कडी पडली. हे जंतू औषधाला दाद देत नाहीत सर. आठापैकी एकालाही नाही. आणि हे येणाऱ्या घाण पाण्यातले नाहीत, आपण शुद्ध करून सोडतो त्या पाण्यातले आहेत."

मग साहेबांनी आपल्या हक्काच्या ठिकाणी आसरा घेतला.

"पाणी पास आहे ना?"

"पास आहे."

"सगळ्या चाचण्या?"

"सगळ्या."

"नियमांत या टिकल्यांचा कुठे उल्लेख आहे?"

"नाही."

"मग हे जंतू नियमांत नाहीत."

"पण पाण्यात आहेत सर."

साहेबांनी बशीवर त्या दिवसाचं वर्तमानपत्र पसरलं, तान्ह्या मुलाला दुपटं घालावं तसं. "मॅडम, परवा रविवारी अकरा वाजता नगराध्यक्षा हेच पाणी पिणार आहेत. आठशे पत्रिका वाटून झाल्यात. बँड ठरलाय. तुम्ही हे कुणालाही बोलू नका."

पाणी पिण्याचा प्रकार असा होता. नगरपरिषदेने प्रकल्पाशेजारी बाग केली होती आणि मध्ये कारंजं बसवलं होतं, आमच्याच शुद्ध केलेल्या पाण्याचं. बाग छान झाली होती, पण तिथे चिटपाखरू फिरकत नव्हतं. कारंज्याचे तुषार अंगावर आले की बायका घरी जाऊन डोक्यावरून न्हात. सभेत विरोधकांनी त्यावरून टोमणे मारले, तेव्हा नगराध्यक्षा मंदाकिनी रणदिवे तिरीमिरीत उठल्या आणि म्हणाल्या, "मी स्वतः सगळ्या गावासमोर पेलाभर पिऊन दाखवते!" झालं.

टोमणे मारणाऱ्या विरोधी पक्षनेत्या म्हणजे कुसुमावती रणदिवे, मंदाताईंच्या सख्ख्या थोरल्या जाऊबाई. गाव त्यांना अक्का म्हणे. दोघी एकाच घरात राहायच्या. मागच्या निवडणुकीनंतर घराच्या मधोमध भिंत घातली होती, पण ती वरती छतापर्यंत पोचलेलीच नव्हती. वीतभर फट राहिली होती. गवंडी म्हणाला सिमेंट संपलं. पुढे सिमेंट आलं, पण फट बुजवायची आठवण दोघींपैकी एकीनेही काढली नाही.

रात्रभर विचार करून शनिवारी सकाळी मी त्या घरी गेले. धाकट्या बाजूच्या दाराने.

मंदाताई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मला पाट दिला, चहा सांगितला आणि म्हणाल्या, "बोल. पाण्याचंच असणार. प्यायल्यावर मरते का मी?"

"नाही ताई. बहुतेक काहीच होणार नाही."

"मग तोंड असं का झालंय?"

मी सगळं सांगितलं. टिकल्या, कडी, सगळं. "हे जंतू पोटात जाऊन नुसते बसून राहू शकतात. त्रास देत नाहीत. पण पुढे कधी तुम्ही आजारी पडलात, ऑपरेशन झालं, जखम चिघळली, तर तेव्हा डॉक्टर औषध देतील आणि ते चालणार नाही. शिवाय हे आपली युक्ती दुसऱ्या जंतूंनाही देतात. औषधापासून कसं वाचायचं, त्याची चिठ्ठीच म्हणा. शेजारच्याच्या हातात कोंबतात. तो वेगळ्या कुळातला असला तरी."

मंदाताईंनी कोथिंबिरीची काडी खाली ठेवली. "म्हणजे आमच्या नगरसेवकांसारखे."

"हो... म्हणजे, तसंच काहीसं."

"कळलं. अगदी कळलं." त्यांनी पुढची काडी उचलली. "आणि तुझा तो कुलथे काय म्हणतो?"

"म्हणतात नियमांत नाही."

"बरं झालं आलीस. आता तू काळजी करू नकोस. मी बघते."

मला केवढं हलकं वाटलं! कार्यक्रम रद्द होणार. मी चहा संपवून बाहेर पडले, चार पावलं गेले असेन, तेवढ्यात शेजारच्या दारातून हाक आली.

"ए मुली, इकडे ये. तिकडचा चहा पातळ असतो."

अक्का दारात उभ्या होत्या. आत गेले तर भिंतीला लागून एक स्टूल होतं आणि त्या स्टुलावर अक्कांच्या पावलांचे ओले ठसे होते.

"वेगळ्या कुळातला असला तरी, तिथपर्यंत नीट ऐकू आलं," अक्का म्हणाल्या. "पुढे तिकडे कुकरची शिट्टी झाली. पुढचं सांग."

खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही. मी पुढचं सांगितलं. अक्कांनी मला दाट चहा दिला, वर एक बेसनाचा लाडू दिला आणि म्हणाल्या, "शहाणी आहेस. आता तू काळजी करू नकोस. मी बघते."

दोन-दोन पुढारी बघणार म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. तेव्हा मला 'मी बघते' या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता.

संध्याकाळी प्रकल्पावर गेले तर मुक्तारामकाका हवेच्या टाकीचे कठडे घासत होते. मुक्ताराम गवारे, आमचे ऑपरेटर. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, खाकी शर्टाच्या खिशाला कायम पेन. प्रकल्प सुरू झाल्या दिवसापासून, म्हणजे बारा वर्षं, पंप आणि हवेची यंत्रं तेच चालवत होते. पाण्याचा रंग बघून ते सांगत की आज बाजाराचा दिवस आहे. फेस बघून सांगत की गावात कुठेतरी लग्न आहे.

"ताई, ह्ये बघा." त्यांनी फडक्यातून एक तांब्याचा पेला काढला. चिंचेने घासून लख्ख केला होता. "माझ्या लग्नातला हाय. उद्या मंदाताई ह्याच्यातनं पिनार. मी सायबांस्नी इचारून घेतलं."

"छान आहे काका."

"बारा वरसं लोकं मला इचारत्यात, काय मुक्ताराम, हात धुतलंस का? माझ्या थोरल्या सुनंनं दोन म्हैनं माझ्या हातचा च्या घेतला न्हवता. उद्या गावाचा अध्यक्ष माझं पानी पिनार. आमचं समदं घर येनार हाय बघाया. सून बी."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, यांना कशाला सांगायचं? जंतू, टिकल्या, यांना काय कळणार, उगाच जिवाला लागेल. आणि कार्यक्रम तसाही रद्द होणारच आहे.

कार्यक्रम रद्द झाला नाही.

रविवारी सकाळी अकराला बागेत सहाशे माणसं होती. मांडव होता, बँड होता, वड्यांची कढई होती. कारंजं थुईथुई उडत होतं आणि लोक त्याच्यापासून बरोबर वीस हात लांब बसले होते. स्टेजवर मध्ये मंदाताई, उजवीकडे अक्का, डावीकडे कुलथे साहेब. मी माइकजवळ उभी, कारण सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं होतं. पहिल्या रांगेत मुक्तारामकाकांचं सगळं घर बसलं होतं. सून मोठी गजराबिजरा माळून आली होती.

काकांनी सगळ्यांदेखत शेवटच्या टाकीच्या नळाला पेला धरला, तो भरला, दोन्ही हातांनी स्टेजवर आणला आणि मंदाताईंच्या हातात दिला. बँडने एक तुकडा वाजवला. मी मंदाताईंकडे पाहिलं. त्या शांत होत्या.

मंदाताईंनी पेला हातात धरून भाषण केलं. पाणी कसं काचेसारखं आहे, प्रकल्प कसा जिल्ह्यात पहिला आहे. मग म्हणाल्या, "पण माझ्यावर संस्कार आहेत. घरात थोरलं माणूस असताना धाकट्याने आधी तोंड लावायचं नसतं. हा मान माझ्या थोरल्या जाऊबाईंचा." आणि त्यांनी पेला अक्कांच्या हातात ठेवला, वर वाकून नमस्कार केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दहा वर्षांत या दोघी एकमेकींशी जाहीरपणे गोड बोलल्या नव्हत्या. पुढे बसलेल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला.

अक्का उठल्या. "मंदे, तुझं मन मोठं. पण मी घरात थोरली असले तरी गावात तू पहिली. गावाच्या अध्यक्षाआधी मी प्याले तर तो गावाचा अपमान. घे तू." पेला परत.

"छे छे, अक्का. वयाचा मान."

"पदाचा मान."

"मी तुमच्या मुलीसारखी."

"मग मुलीनेच आधी जेवायचं असतं."

पेला चार वेळा इकडून तिकडे गेला. दोघी एकमेकींना इतक्या गोड बोलत होत्या की समोरच्या बायका गहिवरल्या होत्या, आणि मला घाम फुटला होता. पाचव्या खेपेला दोघींच्या एकदमच लक्षात आलं की स्टेजवर तिसरंही माणूस आहे.

"खरा मान कुलथे साहेबांचा!" मंदाताई पेला त्यांच्या पुढ्यात ठेवत म्हणाल्या.

"अगदी बरोबर," अक्का म्हणाल्या. त्या दोघींचं एकमत झालेलं गावाने प्रथमच पाहिलं.

कुलथे साहेब उभे राहिले. "माझा... आज माझा उपवास आहे. निर्जळी."

"रविवारी?"

"सूर्यनारायणाचा."

त्यांच्या डाव्या हातात अर्धा वडा होता. तो त्यांनी पाठीमागे नेला, पण पाठीमागे बँडवाले बसले होते आणि तेच आधी हसले. मग पुढचे हसले. मग सगळा मांडव. आणि त्या हशातून कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "अरे, एकजण तोंडाला लावंना! म्हंजे गटारच की!"

मी मुक्तारामकाकांकडे पाहिलं. ते स्टेजच्या पायरीशी उभे होते. त्यांनी आधी आपल्या घरच्यांकडे पाहिलं, मग सुनेकडे. सुनेने मान खाली घातली होती.

काका स्टेजवर चढले. पायातल्या चपला पायरीवर काढून. त्यांनी साहेबांच्या पुढ्यातला पेला उचलला आणि लोकांकडे तोंड केलं.

"हसू नगा," ते म्हणाले. "माझं पानी हाय. मी पितो."

आणि त्यांनी पेला ओठाकडे नेला.

"काका, नका पिऊ!"

माइक चालू होता हे मी विसरले होते. माझा आवाज बागेवरून, टाक्यांवरून, रस्त्यापलीकडच्या शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. बँडच्या ढोलवाल्याने दचकून एक टोला मारला.

"का?" काका म्हणाले.

"पाण्यात... काका, पाण्यात जंतू आहेत."

"जंतू तर आसनारच. आपुनच पाळल्यात. टाकीत त्येच तर काम करत्यात." ते माझ्याकडे रोखून बघत होते. "तुमीच रोज तपासता. तुमीच म्हनता, काका, पास."

"पास आहे. पण त्यात असले जंतू आहेत, जे कुठल्याच औषधाने मरत नाहीत. आठ औषधं लावून बघितली. तुम्हाला काही झालं, तर दवाखान्यात द्यायला औषधच उरणार नाही."

"कंदी कळलं?"

"शुक्रवारी."

"कुनाकुनाला सांगितलं?"

सहाशे माणसं ऐकत होती. "कुलथे साहेबांना. मंदाताईंना. अक्कांना."

काकांनी स्टेजवर नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे. "म्हंजे ष्टेजवरच्या समद्यांस्नी."

"हो."

"आन् मला न्हाई."

पेला अजून त्यांच्या हातातच होता. काल संध्याकाळी ते कठड्याशी उभे होते आणि मी त्यांच्यासमोर तोंड मिटलं होतं, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मला रडू फुटलं, तेही माइकवर.

काकांनी पेला अलगद टेबलावर ठेवला आणि पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसले. तीत बसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण उठवायलाही कुणी धजलं नाही.

"कुठनं येत्यात त्ये?"

"कुठल्यातरी दवाखान्यातून असणार," मी नाक पुसत म्हणाले. "जिथे औषधं फार वापरतात आणि उरलेली मोरीत ओततात, तिथे असे जंतू तयार होतात. पण नक्की कुठून ते शोधायला सगळ्या लायनी तपासाव्या लागतील. सहा महिने तरी."

"सहा म्हैनं?" काकांच्या आवाजात पहिल्यांदा राग आला. "आवो ताई, उत्तरंच्या लायनीतनं येत्यात. मंगळवारी आन् शुक्करवारी. त्या दिसाला टाकीतला फेस बारीक पडतो, गाळ वर तरंगतो आन् पान्याला औषधाच्या दुकानासारखा वास येतो. तीन वरसं झाली. मी सायबांस्नी बोललोय. लिवून बी दिलंय."

सहाशे माणसांनी कुलथे साहेबांकडे पाहिलं. साहेबांना काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी उरलेला वडा तोंडात टाकला आणि सूर्यनारायणाचा उपवास तिथेच सुटला.

"उत्तरेच्या लायनीवर दवाखाना कुठला?" मी विचारलं.

मांडवातून एक बाई म्हणाली, "एकच हाय की. मोठा."

मला नंतर कळलं, ते साऱ्या गावाला तेव्हाच कळलं होतं. उत्तरेला एकच चाळीस खाटांचा दवाखाना होता आणि तो मंदाताई आणि अक्का यांच्या नणंदेच्या नवऱ्याचा होता. आता प्रकरण दाबलं जाणार हे उघड होतं. आपल्या माणसाच्या दवाखान्यावर कोण बोट ठेवेल?

मंदाताईंनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मंदाताईंकडे पाहिलं. आणि मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात सुंदर हसू दोघींच्या चेहऱ्यावर एकाच वेळी उमटलं.

"वन्सं," मंदाताई हळूच म्हणाल्या.

"वन्सं," अक्का म्हणाल्या. "माझ्या लग्नात हिने माझी पैठणी नेसून मिरवली होती."

"माझ्या डोहाळजेवणात मीठ जास्त पडलं म्हणून गावभर सांगत होती."

"दवाखाना झाल्यापासून माझ्या घरी पाय ठेवला नाही."

"माझ्याही नाही!"

अक्का माइककडे आल्या. मला बाजूला सारून त्यांनी जाहीर केलं की गावाच्या आरोग्यापुढे नातंगोतं काही नाही, आणि नगराध्यक्षांनी ठराव मांडावा, विरोधी पक्ष बिनशर्त पाठिंबा देईल. मंदाताईंनी तिथल्या तिथे ठराव मांडला. दवाखान्याने आपलं पाणी आपल्याच आवारात टाकी बांधून आधी साफ करायचं, उरलेलं औषध मोरीत ओतायचं नाही, तोवर त्यांची गटाराची जोडणी बंद. स्टेजवर सभा भरवता येत नाही, हे कुलथे साहेबांनी तोंडातला वडा गिळून सांगायचा प्रयत्न केला, पण तेव्हा टाळ्या चालू होत्या. वाकेगावच्या इतिहासात एकमताने झालेला तो पहिला ठराव. रीतसर मंजुरी पुढच्या आठवड्यात झाली, तीही एकमताने.

दवाखान्यात आठ महिन्यांत टाकी उभी राहिली. जंतू एका दिवसात गेले नाहीत. ते तसे जातही नाहीत. पण आकडे उतरायला लागले.

त्या रविवारनंतर मुक्तारामकाका मात्र माझ्याशी बोलेनासे झाले. चार दिवस ते नमुन्याची बाटली दारात ठेवायचे आणि जायचे. "पास का नापास?" एवढंच विचारायचे, तेही दुसरीकडे बघून. पाचव्या दिवशी मी बाटली घ्यायला दाराशीच उभी राहिले.

"काका, माझं चुकलं. मला वाटलं तुम्हाला कळणार नाही."

"आन् त्या कुलथ्याला कळंल वाटलं?"

काका चपला काढून आत आले आणि स्टुलावर बसले.

"दावा कुठं हायत त्ये."

मी त्यांना बशी दाखवली, टिकल्या दाखवल्या, सूक्ष्मदर्शक लावून दिला. त्यांनी एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहिलं. त्यांची सून माझ्या आत्यापेक्षा बरी निघाली, हेही मला त्यांच्याकडून त्याच वेळी कळलं. स्टेजवरून उतरल्यावर ती म्हणाली होती, मामंजी, तुम्ही एकटेच प्यायला निघाला होता. त्या दिवसापासून ती सकाळी स्वतःहून त्यांच्या हातचा चहा मागत होती.

"ह्यांचं नाव काय?" काकांनी डोळा न हलवता विचारलं.

"माझ्या कॉलेजच्या मॅडमना नमुना पाठवला होता, त्यांनी कळवलंय. स्युडोमोनास."

"सुदामो?"

"स्युडो. मोनास."

"सुदाम," काका म्हणाले. विषय संपला.

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते माझ्याबरोबर बसायचे आणि निकाल प्रकल्पाच्या रोजच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहायचे. 'सुदाम आला.' 'सुदाम लई आला.' 'सुदाम थोडा.' दवाखान्याची टाकी झाल्यावर 'सुदाम न्हाई' असंही येऊ लागलं. मी पुढे पाच प्रकल्पांवर काम केलं, आता एकाची प्रमुख आहे. कुठेही गेले की आधी ऑपरेटर कोण ते विचारते, त्याच्याबरोबर टाक्यांना एक फेरी मारते आणि मगच साहेबाच्या केबिनमध्ये जाते.

वर्षभराने वाकेगावला वार्षिक तपासणी झाली. वरून आलेल्या तपासणी अधिकाऱ्यांनी सगळ्या टाक्या पाहिल्या, सगळे आकडे पाहिले, काही खोट निघेना. मग त्यांनी ती रोजची वही मागवली. पानं उलटता उलटता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कुलथे, हा सुदाम कोण?"

साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "कंत्राटी आहे साहेब."

"एवढ्या गैरहजेऱ्या? आणि आला तर 'थोडा' आला म्हणजे काय? अर्धा दिवस?"

कुलथे साहेबांनी मुक्तारामकाकांकडे पाहिलं. काका हात मागे बांधून गंभीरपणे उभे होते.

"काढून टाकायचाच हाय सायेब," ते म्हणाले. "चार वरसं झाली, पर त्यो काय सुखासुखी जात न्हाई."

अधिकाऱ्यांनी मान हलवली, पेन काढलं आणि तपासणी अहवालात शेवटचा शेरा लिहिला: प्रकल्प समाधानकारक. सुदाम यांना सततच्या गैरहजेरीबद्दल कारणे दाखवा नोटीस द्यावी.